शेवटचं रीडिंग

दर मंगळवारी चर्चमागच्या खोलीत मी बसतो,
टेबलावर पाटी : वीज आणि गॅसच्या बिलांसाठी मदत.
बिस्किटांचा डबा, एक हीटर,
त्याची एकच कांडी लाल.
रॉचडेलमध्ये फेब्रुवारी लवकर संपत नाही.

एनिड हॅलिवेल आल्या, त्यांनी कोट काढला नाही.
इथे कुणीच काढत नाही.
पिशवीतून बिलं काढली, रबरबँड लावलेली, सालवार,
जपून ठेवलेल्या पत्रांसारखी.
"एकोणीस वर्षं याच कंपनीत आहोत," म्हणाल्या.
आहोत.
बिलांवर नाव होतं सिरिल हॅलिवेल.

"नोव्हेंबरात गेले.
म्हणायचे, एकनिष्ठ माणसाला कंपनी विसरत नाही."
खरंच विसरली नव्हती.
दर वर्षी न चुकता दर वाढवून
तिनं त्यांची आठवण ठेवली होती.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला.
हा युनिटचा भाव. हा स्टँडिंग चार्ज,
वापरा, न वापरा, रोज द्यायचाच.
"म्हणजे दिवसभर अंधारात बसून राहिले तरी?"
तरी.
त्यांनी मान हलवली,
हे त्यांना नोव्हेंबरपासूनच ठाऊक असल्यासारखी.

मग आवाज खाली आणून :
"पण नव्या कंपनीचा गॅस कसा असतो?"
हसू नका. हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात,
आणि असेच, लाजत.
तोच गॅस, मी म्हटलं. तीच नळी, त्याच तारा.
रस्ता खोदायला कुणी येत नाही,
शेगडीच्या ज्योतीला पत्ताही लागत नाही.
कागदावरचं नाव तेवढं बदलतं.
"मग लग्नासारखंच," त्या म्हणाल्या.
"शनिवारी ॲशवर्थची हॅलिवेल झाले,
आणि सोमवारी तीच मी, तेच धुणं."

महिन्याला चौदा पौंड वाचणार होते.
त्यांनी बोटांवर हिशेब केला :
संध्याकाळचा एक तास हीटिंग,
शिवाय शुक्रवारी मासळी.

रीडिंग घ्यायला मी गुरुवारी घरी गेलो.
मीटर जिन्याखालच्या कपाटात.
आधी बाहेर काढले सिरिलचे बूट,
मग रंगाचे डबे, मग एक मोडकी छत्री
("राहू दे, ती दुरुस्त करणार होते").
टॉर्च मारला,
तर दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं
तारखा आणि आकडे, तारखा आणि आकडे,
दर रविवारचे, वरून खाली,
सातचा आकडा मधे दांडी मारून.
तीन नोव्हेंबरला थांबलेले.
त्याखाली नुसतं लाकूड.

पुढची दोन बिलं कंपनीनं अंदाजानं काढली होती.
त्या अंदाजात अजून दोन माणसं राहत होती.
अंदाजानं रोज दोन आंघोळी,
रात्री साडेनवाला पुन्हा किटली,
आणि मागच्या खोलीत रेडिओ ऐकणाऱ्यासाठी
थोडी जास्तीची ऊब.

खरा आकडा बराच कमी निघाला.
मी तो मोठ्यानं वाचला, एकेक अंक.
त्यांनी दोनदा विचारला.
"एकटी इतकंच वापरते मी?"
मला वाटलं, पेन्सिल मागतील.
त्यांनी दार हळूच लोटलं
आणि बूट होते तसे आत ठेवले, टाचा भिंतीकडे.

मार्चमध्ये जुन्या कंपनीचं शेवटचं पाकीट आलं :
जास्तीचे त्रेसष्ट पौंड परत,
चेक सिरिल हॅलिवेल यांच्या नावे.
मी फॉर्म शोधू लागलो,
मृत्यूचा दाखला, सही, नाव बदलून नवा चेक,
दहा-बारा दिवस लागतात.

"वटवायचा नाहीये," एनिड म्हणाल्या.
"दाखवायला आणला.
म्हणायचे ना ते, कंपनी विसरत नाही."

त्रेसष्ट पौंड म्हणजे चार महिन्यांहून जास्तीची बचत,
हे मी त्यांना सांगायला हवं होतं. ते माझं काम आहे.
रांगेतला पुढचा माणूस खोकला.
मी फॉर्म अर्धा भरून, तारीख न घालता,
त्यांच्या पिशवीत सरकवला.
त्यांनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत,
एक बिस्किट घेतलं, आणि एक रुमालात बांधून घेतलं.